चेहऱ्याला हात लावू नका

"अक्का, मेकअप केलाय असं दिसायला नको. पण केलाच नाही असंही दिसायला नको हं!"

धारवाडात माळमड्डीला, आमच्या घराच्या पुढच्या खोलीत मी पार्लर चालवलं. त्या सगळ्या काळात हे वाक्य इतक्या जणींच्या तोंडून ऐकलं की समोरची खुर्चीत बसून "अक्का, मेकअप..." म्हणाली की पुढचं मीच पुरं करायची. नवरी मुलगी हेच म्हणते, तिची आईही हेच म्हणते. निवृत्तीच्या समारंभाला निघालेल्या शाळेतल्या बाईसुद्धा पदर सावरत, जरा लाजत हेच म्हणतात. सगळ्यांना हवा असतो तो 'नॅचरल लुक'. लोकांना वाटतं, नॅचरल म्हणजे थोडंसंच करायचं, म्हणजे काम सोपं आणि बाईला आराम. अहो, आराम कसला! भडक मेकअप कुणीही करेल. काहीच केलेलं नाही असं दिसण्यासाठीच सगळ्यात जास्त थर द्यावे लागतात.

आता दुकान बंद केलंय. उभं राहून राहून गुडघे गेले आणि वाकून वाकून कंबर गेली. या अंकाच्या संपादकबाई माझ्या जुन्या गिऱ्हाईक. त्या म्हणाल्या, "अक्का, तुझ्या कामाबद्दल लिही की. बोलतेस तसंच लिही." म्हटलं बघू. मला चेहरे रंगवायची सवय, कागद नव्हे. तेव्हा कुठे फासल्यासारखं वाटलं तर पुसून घ्या.

तर आधी थर म्हणजे काय ते सांगते. थर म्हणजे लिंपणं नव्हे. आधी चेहरा स्वच्छ धुवायचा, मलमलच्या फडक्यात बर्फ घेऊन फिरवायचा. मग क्रीम लावायचं आणि थांबायचं. त्वचेनं ते पिऊन घेतलं पाहिजे. नाही थांबलात तर पुढचं सगळं त्याच्यावर घसरतं. मग प्रायमर, म्हणजे भिंतीला रंग देण्याआधी अस्तर मारतात तसं. मग करेक्टर. डोळ्यांखाली काळं असेल तर तिथे नारिंगी लावायचं, तांबडे डाग असतील तर हिरवट. पहिल्यांदा बघणारी आई इथे हमखास किंचाळते, "अगं बाई, हे काय सोंग केलंस पोरीचं?" तिला बाहेर पाठवून चहा द्यावा. मग फाउंडेशन. त्याची शेड हाताच्या पाठीवर बघायची नाही, तिथे सगळे फसतात. जबड्याच्या कडेला एक ठिपका लावायचा आणि मुलीला खिडकीशी नेऊन उजेडात बघायचं. ठिपका दिसेनासा झाला की ती तिची शेड. मग ओल्या स्पंजनं टिपत टिपत, अगदी पातळ. घासायचं नाही. पुन्हा थांबायचं. जिथे गरज आहे तिथेच दुसरा हात. त्यावर पावडर दाबून बसवायची, मग गालाला रंग, मग डोळे, ओठ आणि शेवटी वरून फवारा.

साडीच्या निऱ्यांसारखं आहे हे. निऱ्या मोजायला कुणी येत नाही, पण एक जरी जाड बसली तर पोट पुढे आल्यासारखं दिसतं.

या सगळ्यात खरं काम थांबण्याचं आहे. हात चालवणं वर्षभरात येतं, थांबणं यायला फार वेळ जातो. आणि थांबलं की मुली बोलतात. डोळे मिटलेले, समोर ओळखीचं कुणी नाही, चेहऱ्यावर दुसऱ्या कुणाचा तरी गार हात. अशा वेळी माणूस जे बोलतं ते आईजवळही बोलत नाही. कुणाला सासरच्या गावाचं नावही नीट माहीत नसतं, कुणाला नोकरी सोडायची नसते, कुणाला नुसतीच भूक लागलेली असते आणि सगळे विसरलेले असतात. मी पार्लरच्या कपाटात ग्लुकोजची बिस्किटं ठेवायची. लिपस्टिक लावायच्या आधी दोन खायला घालायची आणि मगच पुढचं काम.

आयांचं मागणं मात्र ठरलेलं. "एक शेड वर घ्या की हो." म्हणजे मुलगी आहे त्याहून गोरी करा. मी विचारायची, "आणि गळ्याचं काय करू? हातांचं काय करू?" त्या म्हणायच्या, "त्यालाही लावा." मी म्हणायची, "मग पंगतीत हात धुवेल तेव्हा?" मी कधी शेड वर घेतली नाही. त्यापायी काही घरं मला पुन्हा बोलावायची बंद झाली. पण माझ्या हातची सावळी मुलगी सावळीच दिसली आणि झळकली, एवढं मी मिरवून सांगेन.

मेकअपचा शत्रू कोण, असं मला नव्या मुली शिकायला आल्या की विचारत. त्यांना वाटे मी घाम म्हणेन, नाहीतर होमाचा धूर. धूर आहेच. लाजाहोमात डोळ्यांतून जे पाणी येतं त्याचा विचार काजळ लावतानाच करावा लागतो. पण खरा शत्रू म्हणजे नातेवाईक. माया उतू गेली की माणसाला दुसऱ्याच्या गालाला हात लावायचा असतो.

जुन्या हुबळीतल्या एका नवरदेवाची गोष्ट सांगते. मुलगा चांगला होता, तारिहाळला कारखान्यात इंजिनिअर. लग्नाच्या आठवड्यातच गालावर मुरुमं उठली. तो बहिणीबरोबर गुपचूप आला आणि म्हणाला, "अक्का, मुरुमं झाका, पण मी मेकअप केलाय हे आमच्या अव्वाला कळायला नको." अव्वा म्हणजे आई. मी पातळ पातळ दोन हात देऊन असं झाकलं की मलाच ओळखू येईना. मुलगा खूश. मांडवात उन्हाळ्याचे दिवस, पंखा एकीकडे आणि नवरदेव दुसरीकडे. अव्वाला वाटलं, लेकाला घाम आलाय. तिनं भर मांडवात पदराचं टोक घेतलं आणि मायेनं त्याचा डावा गाल खसाखसा पुसला. मग पदराकडे बघितलं, मग लेकाकडे बघितलं आणि म्हणाली, "अय्यो! कसला रंग सुटतोय रे तुझा?" लग्नाच्या सगळ्या फोटोंत तो मुलगा उजवी बाजू पुढे करून बसलाय.

तेव्हापासून मी कामाच्या खोलीच्या दाराशी उभी राहायला लागले. मेकअप संपला की मुलगी मांडवात जाईपर्यंत कुणी चेहऱ्याला हात लावायचा नाही. आणि लावलाच तर मी पकडायची. पकडणं सोपं असे. गालावर पुसट डाग दिसला की खोलीतल्या सगळ्या बायकांना म्हणायची, "बोटं दाखवा बघू." कुणाच्या तरी बोटाला फाउंडेशन लागलेलं असायचंच. मावशी, काकू, नाहीतर एखादी शेजारीण. शाळेतल्या मुलीसारखं तोंड करून म्हणायच्या, "नुसतं एवढंसं लावलं की गं!"

पण सगळ्यात अवघड गोष्ट होती हळद. आमच्या भागात सवाष्णीला निरोप देताना कपाळाला कुंकू लावून भागत नाही. ओल्या हळदीचं बोट दोन्ही गालांवरून ओढतात. कानडीत हळदीला अरिशिण म्हणतात, आणि मराठी घर असो की कानडी, ही रीत दोन्हीकडे सारखीच. नवरी मांडवाकडे निघताना आईनं, ती नसेल तर घरच्या थोरल्या बाईनं, तिच्या गालांना हळद लावायची. बाई शिकलेली असो नसो, तिला ते केल्याशिवाय मुलगी हातून सुटली असं वाटत नाही. आता तुम्हीच सांगा, सकाळपासून एकावर एक थर बसवलेत आणि त्यावर ओल्या हळदीचे दोन पट्टे! हळद पुसायला जावं तर खालचं सगळं निघतं. नाही पुसावं तर फोटोत मुलीला कावीळ झाल्यासारखं दिसतं.

सुरुवातीला मला हे अडवता आलं नाही. धारवाडच्या एका वकिलांच्या घरचं लग्न होतं. मुलगी तयार झाली, तिच्या आईनं डोळे पुसत येऊन दोन्ही गालांवर हळद ओढली. मुलीनं आरशात बघितलं आणि रडायला लागली. झालं, काजळही गेलं. फोटोग्राफर दाराशी ओरडतोय, भटजी "मुलीला आणा" म्हणून निरोप पाठवतायत आणि मी सगळा चेहरा धुऊन पहिल्या थरापासून सुरुवात करतेय. वकीलसाहेब मला म्हणाले, "बाई, तुम्हाला आधी सांगता येत नव्हतं?" बरोबर होतं त्यांचं. ते सांगणं माझं काम होतं.

तेव्हापासून काम घ्यायच्या आधीच मी सांगायला लागले. मराठी घरात मराठीत, कानडी घरात कानडीत. "मुखक्क कै हच्चब्याड्री." चेहऱ्याला हात लावू नका. आणि हळद लावायचीच असेल तर पायांना लावा. ही तोड मीच काढली. पायांना हळद लावतातच, त्यामुळे बायकांनाही ती पटली. धारवाड-हुबळीत पुढेपुढे इतर पार्लरवाल्याही तेच सांगू लागल्या.

एकदाच कुणीतरी मला उलट विचारलं. अळनावरजवळच्या एका खेड्यात शेतकऱ्याच्या घरी लग्न होतं. मुलीची आई ती लहान असतानाच गेलेली, आत्यानं वाढवलेलं. आत्या उंच, हाडांनी मोठी, शेतात राबून हात खरखरीत झालेले. मुलगी तयार झाल्यावर ती हळदीची वाटी घेऊन आली. मी दारातच म्हटलं, "आत्याबाई, चेहऱ्याला हात नको. पायांना लावा."

ती थांबली. माझ्याकडे बघितलं, मग आत मुलीकडे बघितलं.

"मग त्वांड कुणाचं हाय गं बाई ह्ये?" ती म्हणाली. "आमच्या पोरीचं का तुजं?"

आवाजात राग नव्हता. खरंच विचारल्यासारखं विचारलं. मी हसून काहीतरी म्हटलं, फोटो वाईट येतील वगैरे. ती खाली बसली, मुलीच्या पायांना हळद लावली आणि उठताना तोल सावरायला तिनं माझाच हात धरला. मला त्या दिवशी त्याचं काही वाटलं नाही. लग्न चांगलं झालं, मुलगी देखणी दिसली, माझं नाव झालं. ते वाक्य मात्र कुठेतरी राहून गेलं.

आता माझ्या मुलीकडे येते. खरं तर एवढं सगळं तिच्याचसाठी लिहीत होते.

रेवती आमची एकुलती एक. पुढच्या खोलीत पार्लर, मागे घर, म्हणजे ती पावडरच्या वासातच वाढली. लहान असताना तिचा चेहरा ही माझी पाटी होती. नवीन काही आलं की आधी तिच्यावर करून बघायची. हुबळीला दुर्गदबैलच्या बाजारातून एखादी नवी शेड आणली की तिला खिडकीत बसवायची. ती चिमणीसारखी मान वर करून बसे. त्यामुळे जगातला दुसरा कुठला चेहरा मला तितका पाठ नाही. डाव्या भुवईत सायकलवरून पडल्याची खूण आहे, तिथे केस उगवत नाहीत. हसली की उजव्याच गालाला खळी पडते. कातडी पिवळसर अंगाची, त्यामुळे गुलाबी झाक असलेली कुठलीच शेड तिला चालत नाही, राखेसारखी दिसते. हे मी झोपेतही सांगेन.

मोठी झाल्यावर तिनं हात लावू देणं बंद केलं. तिचंही चूक नव्हतं. शाळेतून घरी यावं तर पुढच्या खोलीत तोंडाला लेप लावलेल्या परक्या बायका. लग्नसराईत आई पहाटे बाहेर पडायची. वाढदिवसही बहुतेक लग्नसराईतच यायचा. तिच्या अप्पांनी केलेला शिरा खाऊन ती शाळेत जाई. एकदा कॉलेजात जाताना मी नुसतं म्हटलं, "थांब, डोळ्यांखाली जरा टिपते." तर म्हणाली, "आई, मी गिऱ्हाईक नाही तुझी." हसत म्हणाली, पण म्हणाली.

मी मनात म्हणायची, असू दे. लग्नात तर बसशील माझ्यापुढे. तेव्हा कुठे जाशील? माझ्या मनात तिचा नवरीचा चेहरा कधीचाच तयार होता. फाउंडेशन एकच हात, कारण तिची कातडी मुळातच नितळ. भुवईची खूण झाकायची नाही, ती राहू द्यायची. ओठांना विटकरीकडे झुकणारा रंग. डोळ्यांना फक्त काजळ. सगळं पातळ, आणि मध्ये मध्ये भरपूर थांबायचं. खरं सांगायचं तर मला हवं होतं ते तेवढंच. त्या थांबण्यात ती काहीतरी बोलेल. बाकीच्या सगळ्या मुली बोलल्या, तशी.

रेवती बेंगळूरला नोकरीला लागली आणि तिथलाच कार्तिक तिनं पसंत केला. कानडी घरचा, शांत मुलगा. लग्न आमच्याकडे, हुबळीत कार्यालय घेऊन, आणि दुसऱ्या दिवशी रिसेप्शन बेंगळूरला. मुलाकडच्यांनी फोटो, व्हिडिओ आणि मेकअप एकाच ठिकाणी सांगून टाकलं होतं. त्यांना कुठे माहीत की इथे कुणाचा जीव अडकलाय! रेवतीनं मला फोनवर सांगितलं. मी म्हटलं, "अगं, पण मी आहे की."

ती म्हणाली, "आई, सगळ्यांच्या लग्नात तू काम करत असतेस. माझ्या लग्नात एक दिवस नुसती आई म्हणून राहा ना गं. छान साडी नेस, बसून राहा. मला तू ब्रश घेऊन उभी नकोयस."

तिला वाटत होतं ती मला सुट्टी देतेय. किती तरी वर्षांपासून तिला जी आई हवी होती तीच ती मागत होती, आणि मला नेमकी दुसरी व्हायचं होतं. मी "बरं" म्हटलं. फोन ठेवल्यावर ह्यांनी विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही, मेकअपचं ठरलं." माझी मेकअपची पेटी हे आयुष्यभर स्कूटरवर पुढे ठेवून गावभर नेत आले होते. त्यांनी आत जाऊन चहा टाकला.

लग्नाच्या दिवशी मी सकाळीच आवरून कार्यालयात पोचले. बेंगळूरची मुलगी, निशा तिचं नाव, नवरीच्या खोलीत काम करत होती. मी दारातून बघितलं. बघायला बसायचं नाही असं स्वतःला बजावलं होतं, पण डोळ्यांना कोण सांगणार? खोट काढायला गेले आणि खोट सापडेना. पोरगी चांगली होती. घाई करत नव्हती, स्पंज ओला होता, टिपत होती, थांबत होती. शेड मात्र तिनं जराशी गुलाबी घेतली होती. मला बोलायचं होतं, ओठांपर्यंत आलं होतं. पण नुसती आई म्हणून राहायचं ठरलेलं, म्हणून गप्प राहिले. तेवढ्यात निशानं स्वतःच मान वाकडी करून बघितलं, ठिपका पुसला आणि पिवळसर शेड घेतली. मला बरं वाटलं आणि वाईटही वाटलं. माझ्यावाचून काही अडलं नव्हतं.

आणि रेवती बोलत होती. डोळे मिटून, मान वर करून, हळू आवाजात ती निशाशी काहीतरी बोलत होती. काय ते मला दारापर्यंत ऐकू आलं नाही.

काम झालं. मुलगी मांडवाकडे न्यायची वेळ आली. माझ्या मोठ्या जाऊबाईंनी माझ्या हातात हळदीची वाटी दिली आणि म्हणाल्या, "जा, आईनं लावायची असते." मी आत गेले. रेवती उठून उभी राहिली. काय दिसत होती! मी मनात केला होता तोच चेहरा, जवळजवळ तोच, भुवईच्या खुणेसकट. मी बोट हळदीत बुडवलं आणि हात वर नेला. त्या क्षणी खरंच सांगते, थर-बीर काही डोक्यात नव्हतं. नुसती आईच होते मी.

"मुख मुट्टबेडी आंटी, प्लीज," निशा म्हणाली. चेहऱ्याला हात लावू नका.

किती गोड बोलली पोरगी! मी कधी इतक्या गोड आवाजात म्हटलं नसेन. रेवती म्हणाली, "असू दे हं, लाव आई," पण तिची मान नकळत मागे गेली होती. ती तरी काय करणार, सकाळपासून ती त्या चेहऱ्यात बसून होती. मी हात खाली घेतला. निशाला ओशाळल्यासारखं व्हायला नको म्हणून मीच कानडीत म्हटलं, "नाही गं, बरोबर आहे तुझं. पायांना लावते." आणि खाली बसले. गुडघ्यांतून कळ आली. लेकीच्या पायांना हळद लावली. उठताना आधाराला हात पुढे केला तो निशानं धरला, आणि अळनावरची ती आत्याबाई मला तिथे आठवली. मग त्वांड कुणाचं हाय गं बाई ह्ये?

तरी मी धीर सोडला नव्हता. पायांना हळद लावून घेताना रेवती खाली वाकून माझ्या कानात म्हणाली होती, "आई, संध्याकाळी मेकअप तूच काढ हं. मला नीट जमत नाही, डोळे चुरचुरतात." बस, मला तेवढं पुरे होतं. मेकअप लावायला सगळे बोलावतात, काढायला कुणी बोलावत नाही. पण काढणंही तितकंच नाजूक काम आहे. आधी ओठ, मग डोळे, मग बाकीचा चेहरा, कापसाला खोबरेल लावून, एकेक थर न ओढता, आणि शेवटी खालचं माणूस दिसतं. मी कार्यालयातल्या आमच्या खोलीत कापूस, खोबरेल तेल, गुलाबपाणी सगळं एका ताटात मांडून, वरून रुमाल झाकून ठेवलं. दिवसभर पाहुण्यांशी हसत होते, पंगतीत आग्रह करत होते, आणि मधूनच जाऊन ताट जागेवर आहे ना ते बघून येत होते. मुलीचं लग्न झाल्याचं दुःख बाकीच्या आयांसारखं मला झालंच नाही, कारण माझी संध्याकाळ अजून यायची होती.

संध्याकाळ काही आली नाही. जेवणं उरकता उरकता व्याही म्हणाले, बेंगळूरचा रस्ता लांबचा आहे, उद्याचं रिसेप्शन, उजेड आहे तोवर निघालेलं बरं. त्यांचंही चुकलं नव्हतं. या सगळ्यात कुणाचंच काही चुकलं नाही, हेच मला अजून पचत नाही. ओटी भरणं, नमस्कार, सामान, सगळ्यांची एकच धांदल. रेवतीची नजर माझ्याकडे वळली. तिलाही आठवलं असावं. मी मानेनंच सांगितलं, असू दे, जा. निशा मागच्या गाडीत बसत होती. ती म्हणाली, "आंटी, काळजी नको, पोचल्यावर मी काढेन व्यवस्थित."

गाडी सुरू झाली. हे खिडकीशी उभे होते आणि ज्यांच्या डोळ्यांत मी कधी पाणी बघितलं नव्हतं ते लहान मुलासारखे रडत होते. त्यांना बाजूला करून रेवतीनं काच पूर्ण खाली घेतली आणि हात बाहेर काढून माझा हात धरला. तिच्या डोळ्यांत पाणी भरलं होतं, पण काजळ हललं नव्हतं. चांगलं काम. तिनं माझा हात ओढून आपल्या गालाकडे नेला.

"आई, लाव की गं हात," ती म्हणाली. "आता कोण काय म्हणतंय?"

आणि मी काय करावं? गाल इतका जवळ आला आणि माझी बोटं आपोआप आत वळली. मूठ झाली. मी हाताची पाठ तेवढी तिच्या जबड्याच्या कडेला, कानाच्या जरा खाली टेकवली. जिथे लागलं तरी दिसत नाही तिथे. अलगद, दाब न देता, जसा आयुष्यभर हात ठेवत आले तसा. मुद्दाम नाही हो केलं. हातच तसा गेला. तिनं क्षणभर डोळे मिटले. ती वाट बघत होती, हे मला आता कळतं. मग गाडी पुढे सरकली आणि हात सुटला.

गाडी फाटकातून बाहेर पडेपर्यंत मी उभी होते. आसपास बायका होत्या, कुणीतरी माझ्या पाठीवरून हात फिरवत होतं. मी मूठ उघडून बोटं बघितली. एकेक करून, उजेडात धरून बघितली. बोटांना काहीही लागलेलं नव्हतं.